धक्क्यावरील भेट : स्थलांतरितांच्या कथावाङ्मयातील आगमनदिन

१

स्वदेश सोडून परदेशी कायमच्या वास्तव्यास गेलेल्या कुटुंबांविषयी इंग्रजीत जे विपुल वाङ्मय निर्माण झाले आहे, त्यात आगमनदिनाचा प्रसंग एखाद्या रूढ संकेतासारखा वारंवार आढळतो. बोट धक्क्याला लागते किंवा गाडी फलाटावर येऊन थांबते; गाठोडी, पेट्या आणि मुले खाली उतरतात; आणि कथेला आरंभ होतो. या प्रसंगाचे विवेचन करताना समीक्षक सामान्यतः एकच सूत्र हाती घेतात. जुनी संस्कृती आणि नवी संस्कृती यांची ही पहिली गाठ होय. पुढे येणाऱ्या सर्व संघर्षाचे बीज येथे पेरले जाते, असे ते सूत्र आहे. हे सूत्र सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते प्रसंगात सापडलेले नसून प्रसंगावर बसविलेले आहे. मूळ कलाकृती बारकाईने वाचल्या म्हणजे निराळीच गोष्ट नजरेस येते. त्या दिवशी कुटुंबाला नवा देश फारसा भेटतच नाही. त्याला भेटतो तो एखादा अंमलदार, आणि मुख्यतः भेटतो तो आपलाच माणूस : दोनतीन वर्षांपूर्वी पुढे गेलेला, पैसे साठवून तिकिटे धाडणारा, आणि आता धक्क्यावर उभा राहून वाट पाहणारा.

या पुढे गेलेल्या माणसाला सोयीसाठी ‘पूर्वागत’ म्हणता येईल. आगमनदिनाच्या चित्रणाचा खरा विषय पूर्वागत आणि मागून आलेले यांची भेट हा आहे, आणि त्या भेटीत कसोटी लागते ती त्या दोघांमधील पत्रव्यवहाराची, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य होय. मधल्या काळात कुटुंब ज्या देशाविषयी बोलत असते तो देश पत्रातला असतो. पूर्वागत ज्या देशात राहत असतो तो देश पत्रात मावलेला नसतो. धक्क्यावर हे दोन देश समोरासमोर येतात. मेरी अँटिन, हेन्री रॉथ, सॅम्युएल सेल्व्हन आणि झुंपा लाहिरी या चार लेखकांच्या कृतींच्या आधारे या विधानाची येथे तपासणी करावयाची आहे. या कृती १८९९ ते १९९९ अशा शंभर वर्षांत विखुरलेल्या असून त्यांत आत्मचरित्र, कादंबरी आणि कथा असे तिन्ही प्रकार आहेत.

२

प्रथम एका ऐतिहासिक वस्तुस्थितीची नोंद करणे अगत्याचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्व युरोपातून अमेरिकेकडे गेलेली असंख्य कुटुंबे एकदम गेली नाहीत. ती टप्प्याटप्प्याने गेली. आधी बाप जाई, मागाहून बायकामुले. न्यूयॉर्कच्या बंदरातील एलिस बेटावरील तपासणी केंद्र १८९२ मध्ये सुरू झाले. १९०७ या एका वर्षात अमेरिकेत १२,८५,३४९ परदेशीय दाखल झाले, आणि त्यांतील बहुसंख्य याच बेटावरून गेले. एकट्या आलेल्या स्त्रिया व मुले यांना न्यावयास कोणी आप्त येईपर्यंत तेथे थांबवून ठेवीत. म्हणजे पूर्वागताचे धक्क्यावर उभे असणे हा केवळ जिव्हाळ्याचा भाग नव्हता. ती शासनाने घातलेली अटही होती. नवरा किंवा बाप हा देशाच्या दरवाजाचाच एक भाग बनला होता. आप्तांची भेट होई त्या जागेला तेथील लोकांनी ‘चुंबनाचा खांब’ असे नाव दिले होते. लोकस्मृतीत राहिलेला आगमनदिन या खांबापाशीच थांबतो. वाङ्मयातला आगमनदिन तेथून पुढे सुरू होतो, हा भेद महत्त्वाचा आहे.

३

हा भेद मेरी अँटिन हिच्या दोन पुस्तकांत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. कारण एकाच लेखिकेने एकाच आगमनाचे दोनदा वर्णन केले आहे. तत्कालीन रशियन साम्राज्यातील पोलोत्स्क या गावचे हे ज्यू कुटुंब. बाप १८९१ मध्ये अमेरिकेस गेला; आई आणि चार मुले १८९४ च्या मे महिन्यात बॉस्टनला पोचली. मेरी तेव्हा तेरा वर्षांचीही नव्हती. प्रवासाची हकीकत तिने मामाला यिडिश भाषेत पत्रातून कळविली. तिचेच इंग्रजी रूप ‘फ्रॉम प्लॉट्स्क टू बॉस्टन’ या नावाने १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. या लहानशा पुस्तकात आगमनाचा उत्कर्षबिंदू बोटीच्या कठड्यावर आहे. तीन वर्षे न पाहिलेला चेहरा गर्दीत दिसतो, पाचही जणांचा धीर सुटतो, आणि अंमलदारांचे सोपस्कार उरकेपर्यंत एक एक क्षण जीव घेतो. बाप दिसला, येथे पत्रलेखिकेच्या दृष्टीने सगळे येऊन पोचले.

‘द प्रॉमिस्ड लँड’ हे आत्मचरित्र १९१२ चे. त्यात धक्क्यावरची भेट एका वाक्यात आटोपते आणि प्रकरण संपते. नवे प्रकरण सुरू होते ते त्याच दिवसाच्या उरलेल्या भागाने. आता बाप आलिंगन देणारा राहिलेला नाही, तो शिक्षक झाला आहे. धक्क्यावरून घरी जाताना दाटीवाटीने बसलेल्या मुलांना तो सांगतो की गाडीच्या खिडकीतून बाहेर वाकू नये, बोट दाखवू नये; आणि ‘ग्रीनहॉर्न’ म्हणजे कोण तेही समजावून देतो. घरी पहिले जेवण डबाबंद पदार्थांचे होते. केळे नावाचे एक निसरडे फळ मुलांपुढे येते आणि प्रयत्नाअंती बाजूला ठेवावे लागते. झुलत्या खुर्चीत बसावयाच्या पाच जणांच्या पाच तऱ्हा होतात आणि सगळे हसत सुटतात.

हे हसणे वरवर निर्मळ आहे. पण त्याखाली एक नवी उतरंड उभी राहिली आहे. पोलोत्स्कमध्ये घर चालविणारी आई येथे मुलांच्याच रांगेत विद्यार्थिनी म्हणून बसली आहे. आणि शिक्षकही फार शिकलेला नाही. त्याचे इंग्रजी मोडकेतोडके आहे, त्याचे उद्योग बसणारे आहेत. तो जे शिकवतो ते त्याला ज्ञात असलेल्या अमेरिकेविषयीचे नसून, आपण हास्यास्पद ठरू या त्याच्या भीतीविषयीचे आहे. पुढे तो मुलांना शाळेत नेऊन शिक्षिकेच्या हवाली करतो, तो प्रसंग या पुस्तकात अतिशय गाजलेला आहे. आगमनदिनी त्याने पत्करलेली भूमिका त्या दिवशी तो, एका परीने, परत करतो. एवढी गोष्ट ध्यानात घेतली की १८९९ आणि १९१२ या दोन वर्णनांतील अंतर कळते. पहिले वर्णन पोचलेल्या मुलीचे आहे, तर दुसरे स्वतः पूर्वागत बनलेल्या स्त्रीचे.

४

अँटिनने जे हास्यात मिटविले ते हेन्री रॉथने उघडे ठेवले. रॉथचा जन्म १९०६ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमलाखालील गॅलिशियात झाला. ‘कॉल इट स्लीप’ ही त्याची कादंबरी १९३४ मध्ये निघाली, जवळजवळ तीस वर्षे विस्मृतीत राहिली, आणि १९६४ मधील स्वस्त आवृत्तीमुळे पुन्हा वाचकांपुढे आली. तिचा प्रस्ताव म्हणजे १९०७ च्या मे महिन्यातील एका दिवसाचे चित्र आहे. एलिस बेटावरून शहराकडे निघालेल्या छोट्या बोटीत नवरा आल्बर्ट, बायको गेन्या आणि तिच्या कडेवरचे मूल डेव्हिड उभे आहेत. इटालियन, ज्यू, पोल, इंग्रज असे निरनिराळे लोक भेटीच्या वेळी कसकसे वागतात याची एक यादीच रॉथ आधी देतो. कोणी नाचतात, कोणी रडतात, कोणी मिठीच्या जवळ येऊन थबकतात. या यादीचे प्रयोजन विनोद एवढेच नाही. वाचकाच्या मनात भेटीचे सर्व ज्ञात नमुने जागे करून, त्यांपैकी एकातही न बसणारी ही जोडी त्याला दाखवायची आहे. ही दोघे नुसती गप्प उभी असतात.

त्या गप्पपणातून जे बोलणे फुटते त्याचा शेवट पत्राच्या उल्लेखाने होतो. आपण न्यूयॉर्कमध्येच राहणार का, असे ती विचारते. नाही, ब्रॉन्झव्हिलला, आणि हे पूर्वीच कळविले होते, असे तो तुटकपणे सांगतो. ही दोन वाक्ये रॉथने यिडिशमध्येच ठेवली आहेत. त्याआधीचे यिडिश संभाषण तो सुसंस्कृत इंग्रजीत मांडतो. नवऱ्याचा राग दोन गोष्टींचा आहे. तिने त्याला चटकन ओळखले नाही, आणि अर्धे भाडे वाचावे म्हणून मुलाचे वय सतरा महिने सांगायचे ते तिने सांगितले नाही. तिचे उत्तर साधे आहे : मधे अडसर होता, तुमचे शब्द ऐकू आले नाहीत. मुलाच्या वयाचा हा हिशोब पुढे संपूर्ण कादंबरीवर सावट धरून राहतो, कारण मूल आपलेच आहे काय, हा आल्बर्टचा संशय त्यातच रुजतो. वाटेत दिसणाऱ्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यामागे मावळतीकडचा सूर्य आहे. पाहणाऱ्यांना तिची आकृती काळवंडलेली आणि मशाल मोडक्या तलवारीच्या मुठीसारखी दिसते. अमेरिकेविषयीच्या भ्रमनिरासाचे प्रतीक म्हणून हे वर्णन नेहमी उद्‌धृत केले जाते. परंतु तेथेच आई आणि मूल त्या आकृतीकडे विस्मयाने पाहत आहेत, ही नोंद रॉथने करून ठेवली आहे. काळोख त्यांच्या डोळ्यांत नाही.

मग काळोख कोठे आहे, याचे उत्तर टोपीच्या प्रसंगात मिळते. बायकोच्या अंगावर अमेरिकन पद्धतीचे कपडे आहेत. ते नवऱ्याने आधी धाडले असावेत वा बेटावर आणून दिले असावेत, असे निवेदक सुचवितो. परदेशीपण उरले आहे ते एकाच वस्तूत : मुलाच्या डोक्यावरील, दोन्ही खांद्यांवर फिती लोंबणाऱ्या निळ्या गवती टोपीत. आल्बर्ट ती ओढून पाण्यात फेकतो. मूल रडू लागते.

हा क्रूरपणा आहे, यात शंका नाही. पण तो एकट्या आल्बर्टचा म्हणून सोडून देणे म्हणजे प्रसंगाचे अर्धेच वाचन होय. टोपी विचित्र आहे हे त्याला त्याच्या डोळ्यांनी सांगितलेले नाही. ज्या गावाहून ती आली, त्या गावी ती टोपी चारचौघांसारखीच ठरली असती. भोवतालचे लोक आपल्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, हे एकाकी काळात तो अपमान सोसून शिकला आहे, आणि तीच दृष्टी उसनी घेऊन तो आता आपल्या मुलाकडे पाहतो आहे. नवा देश बोटीवर आहे तो पूर्वागताच्या नजरेत. संस्कृतिसंघर्षाचे सूत्र येथे अपुरे का पडते, ते यावरून उघड होते. संघर्षाच्या दोन्ही बाजू एकाच कुटुंबात, एकाच भाषेत बोलणाऱ्या माणसांत आहेत.

५

सेल्व्हनच्या ‘द लोनली लंडनर्स’ (१९५६) या कादंबरीत याच प्रसंगाला हास्यरसाचे वळण मिळाले आहे. १९४८ मध्ये ब्रिटिश राष्ट्रीयत्वाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी २२ जून रोजी ‘एम्पायर विंडरश’ ही बोट वेस्ट इंडीजमधील प्रवासी घेऊन टिलबरीला लागली. त्यानंतरच्या वर्षांत लंडनचे वॉटर्लू स्टेशन हे या लोकांचे प्रवेशद्वार बनले. सेल्व्हन स्वतः त्रिनिदादचा, १९५० मध्ये इंग्लंडला आलेला. कादंबरीच्या आरंभी मोझेस हा जुना लंडनवासी वॉटर्लूवर उभा आहे. त्याला ज्याला उतरवून घ्यायचे आहे तो इसम त्याने कधी पाहिलेलाही नाही. त्रिनिदादहून मित्राचे पत्र आले, एवढाच संबंध. त्याच फलाटावर टॉलरॉय हा जमेकन तरुण आईची वाट पाहतो आहे. गाडीतून आई उतरते, आणि तिच्या पाठोपाठ टँटी बेसी ही वडीलधारी आत्या, लुईस, त्याची बायको ॲग्नेस आणि दोन मुले उतरतात. बोलावले एकीला, आले सारे बिऱ्हाड. टॉलरॉयची त्रेधा उडते. कारण विचारता कळते की दोष त्याच्याच पत्राचा आहे. आठवड्याला पाच पौंड मिळवतो, असे त्याने घरी लिहिले होते. जमेकात बसून त्या आकड्याकडे पाहणाऱ्यांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला.

रॉथच्या प्रस्तावातही पत्र अपुरे पडले होते. येथे ते अधिक बोलून गेले आहे. मिळकत खोटी नाही, पण तिच्यामागचे खोलीभाडे, थंडी आणि धुके पत्रात आलेले नाहीत. पूर्वागताला आपला कमीपणा घरी कळविता येत नाही, आणि न कळविलेला कमीपणा एके दिवशी सहकुटुंब फलाटावर उतरतो. सेल्व्हनच्या विनोदाचे मूळ या करुण वस्तुस्थितीत आहे.

येथे देशही हजर होतो, तो वार्ताहराच्या रूपाने. जमेकन लोक एवढ्या संख्येने का येतात, हे त्याला जाणून घ्यायचे आहे. त्रिनिदादच्या मोझेसलाही तो जमेकनच समजतो. टँटीला तो फोटोपुरती हवी असते. ती मात्र आग्रह धरते की फोटो निघायचा तर साऱ्या कुटुंबाचा निघेल. दुसऱ्या दिवशी तो छापून येतो, आणि त्याखालच्या ओळीचा आशय असा की आता जमेकन कुटुंबेच्या कुटुंबे इंग्लंडकडे निघाली आहेत. कुटुंबाच्या लेखी जो भेटीचा फोटो, तो वृत्तपत्राच्या लेखी लोंढ्याचा पुरावा. तथापि सेल्व्हन येथे थांबत नाही. पुढे हीच टँटी वाण्याच्या दुकानात उधारीची पद्धत सुरू करावयास भाग पाडते. पूर्वागताने जेथे स्वतःला बदलले, तेथे मागून आलेली वृद्धा दुकान बदलते. मागून आलेले म्हणजे अडाणी आणि पूर्वागत म्हणजे जाणता, ही अँटिनच्या बापाने मांडलेली उतरंड सेल्व्हनने हसत हसत उलटी केली आहे.

६

झुंपा लाहिरी हिची ‘द थर्ड अँड फायनल कॉन्टिनेंट’ ही कथा ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’ (१९९९) या संग्रहातील अखेरची कथा. निवेदक बंगाली. तो १९६४ मध्ये कलकत्त्याहून लंडनला आणि १९६९ मध्ये, मधे लग्न उरकून, ग्रंथालयातील नोकरीसाठी बॉस्टनला आला. तो अमेरिकेत उतरतो तो दिवस २० जुलै १९६९, म्हणजे चंद्रावर मानव उतरला तो. या योगायोगाचा लाहिरीने फारसा गाजावाजा केलेला नाही. तिच्या कथेतील अवघड अवतरण सहा आठवड्यांनी, पत्नी माला विमानतळावर येते तेव्हाचे आहे.

ही दोघे नवराबायको असली तरी परस्परांना परकी आहेत. लग्नानंतर मोजके दिवस एकत्र गेले, आणि मधल्या काळात तिचे आलेले पत्र इंग्रजीत होते. नव्या आयुष्याची तयारी म्हणून तिने ते तसे लिहिले होते, आणि त्याला त्याचे काही वाटले नव्हते. विमानतळावर ती उतरते ती डोक्यावर पदर, हातांत सोन्याच्या बांगड्या, कपाळी कुंकू आणि पायांना अळिता अशा नववधूच्या वेषात. तो तिचा हात धरीत नाही. भूक लागली आहे का, एवढेच विचारतो. आणि अमेरिकेत आल्यापासून बंगालीत उच्चारलेले त्याचे हे पहिले शब्द असतात. विमानात तिने काही खाल्लेले नाही, कारण खाद्यपदार्थांच्या यादीत बैलाच्या शेपटीचे सूप होते. घरी त्याने अंड्याचे कालवण करून ठेवले आहे. ती पेटी उघडून विरहाच्या काळात विणलेले दोन स्वेटर काढते. दोन्ही त्याला काखेत घट्ट होतात. त्याने तिच्यासाठी कालवणाखेरीज काहीच आणलेले नसते. उघड्या टेबलाशी बसून दोघे हाताने जेवतात.

रॉथच्या टोपीशेजारी हे स्वेटर ठेवून पाहावेत. दोन्ही वस्तू मागून आलेल्यांनी आणलेल्या, दोन्ही नव्या जागी न बसणाऱ्या. एक फेकली जाते, दुसरी अंगात घालून पाहिली जाते. येथे पूर्वागत शिकवीत नाही, सुधारीत नाही. उलट, तिच्या येण्याने त्याला स्वतःची भाषा परत मिळते, हाताने जेवणे परत मिळते. मराठी वाचकाला येथे माप ओलांडून घरात येणाऱ्या वधूची आठवण होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी सासरच्या घरात दोन्ही बाजूंना माणसे असतात, विधी असतो, आणि तो विधी परकेपणाचे ओझे वाहून नेतो. बॉस्टनमधील त्या खोलीत विधी नाही. ते काम एका कालवणाला करावे लागते. कथेचा संयम या जाणिवेतून आला आहे.

७

या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो. जेथे सारे कुटुंब एकदमच निघते, पुढे कोणी गेलेला नसतो, तेथे हे विवेचन कसे लागू पडावे? विला कॅथरच्या ‘माय अँटोनिया’ (१९१८) या कादंबरीतील बोहेमियन शिमर्दा कुटुंब हे असे उदाहरण होय. नेब्रास्कातील ब्लॅक हॉक स्थानकावर हे कुटुंब रात्री गाठोडी घेऊन घोळक्याने उभे असते. आईने पत्र्याची एक छोटी पेटी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरलेली असते. परंतु याही कुटुंबाला पूर्वागत आहेच : ज्याच्याकडून त्यांनी योग्य किमतीहून अधिक देऊन जमीन घेतली, तो देशबांधव क्राजिएक. त्यांच्या वतीने बोलणारा तोच एकटा असल्यामुळे तो सांगेल तो देश. आप्ताच्या जागी व्यवहार आला, तरी मध्यस्थाचे स्थान तेच राहिले. आक्षेपाने सिद्धांताला मर्यादा पडण्याऐवजी त्याची व्याप्तीच वाढते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. सारा भार कुटुंबातील माणसांवर टाकल्याने नव्या देशाच्या अंगचा कठोरपणा दृष्टीआड होत नाही काय? टोपीच्या प्रसंगाचे जे वाचन वर केले आहे त्यात याचे उत्तर आले आहे. पूर्वागताची नजर ही उसनी नजर असते. ती कोणाकडून घेतली याचा शोध घेणे हे समीक्षेचे कर्तव्यच आहे. परंतु तो शोध पूर्वागतापासून आरंभला पाहिजे, त्याला वगळून नव्हे. अन्यथा आल्बर्ट हा केवळ दुष्ट नवरा ठरतो, टॉलरॉय केवळ भोळसट, आणि कादंबरी समाजशास्त्राच्या पुस्तकाला जोडलेले परिशिष्ट होऊन बसते.

मराठीच्या अभ्यासकांना या विचाराचा आणखी एक उपयोग आहे. परदेशगमनाविषयी मराठीत जे जुने लेखन आहे, त्यावर प्रवासवृत्ताचा ठसा दाट आहे. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेस पोचल्या, आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ सिद्ध केला. ज्याला परत येऊन सांगायचे आहे त्याची दृष्टी या ग्रंथाला आहे, आणि म्हणून ती देशाकडे मोकळेपणाने वळते. प्रवाशाच्या लेखनात आगमनाचा दिवस पाहण्याने समृद्ध असतो, तर स्थलांतरिताच्या लेखनात तो पाहण्याच्या दृष्टीने दरिद्री असतो : एक चेहरा, एक टोपी, एक केळे, एक कालवण. या दारिद्र्याला लेखकाची उणीव मानण्याची चूक प्रवासवर्णनावर पोसलेल्या अभिरुचीकडून सहज होऊ शकते. वस्तुतः ज्याला परत जायचे नाही त्याला पहिल्या दिवशी देश पाहण्याची घाई नसते. तो पाहायला पुढे सारे आयुष्य आहे. त्या दिवशी पाहायचे असते ते एवढेच, की पत्रे लिहिणारा आपला माणूस आणि समोर उभा असलेला माणूस एकच आहे की नाही.